दगडावरचे नाव आणि कवायतीतला नियम

श्रोतेहो,

१४ एप्रिल हा दिवस आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती म्हणून साजरा करतो, आणि ते योग्यच आहे. याच दिवशी देशभरातील अग्निशामक दले कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या आपल्या सहकाऱ्यांना मानवंदना देतात आणि २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. ही गोष्ट मात्र दलाच्या आवाराबाहेर फारशी जात नाही. पणजीला सांत इनेजच्या मुख्यालयात कवायत होते, पाहुण्यांच्या खिशाला छोटा ध्वज लावला जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एखादे छायाचित्र येते. या सोहळ्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्या स्मरणात काय टिकते आणि काय निसटून जाते, एवढेच मला आज मांडायचे आहे.

हा दिवस ठरला तो १९४४ साली मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटावरून. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्या सोबतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. स्फोटकांचे जहाज धक्क्याला न लावता दूर पाण्यात उभे करून माल उतरवून घ्यावा, ही जुनी खबरदारी युद्धाच्या घाईत बाजूला पडली होती. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या मालकोठ्यातून धूर येऊ लागला. वर्दी मिळताच बंब आले, पण धूर इतका दाट होता की आगीचे मूळ सापडेना. जवानांनी ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले. आग विझण्याऐवजी ते पाणीच उकळू लागले. जहाज जागीच बुडवावे की ओढून बाहेर न्यावे, यावर अधिकाऱ्यांचे एकमत होत नव्हते. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्याहून मोठा. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते.

गोव्याला ही आग परकी नव्हती. त्या काळी इथल्या गावागावांतील माणसे मुंबईत खलाशी, आचारी, वादक म्हणून राबत होती आणि धोबीतलाव, माझगाव या भागांतील आपापल्या गावाच्या कुडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहत होती. माझगाव तर गोदीच्या अगदी शेजारचे. शिवाय आदल्याच वर्षी, मार्च १९४३ मध्ये, ‘एरेनफेल्स’ आणि तिच्या जोडीची जर्मन जहाजे मुरगाव बंदरात जळताना गोव्याने पाहिली होती. बंदरातली आग म्हणजे काय, हे इथल्या माणसाला कोणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

फोर्ट स्टिकिनची कथा आजही रंगवून सांगितली जाते, आणि रंगवताना हटकून पुढे येतात त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटा. त्या कुठे कुठे उडून पडल्या, कोणाला सापडल्या, किती वर्षांनी गाळातून निघाल्या, हे अनेकांना तोंडपाठ असते. दुपारी दोन ते चार या दोन तासांतला घटनाक्रमही मिनिटामिनिटाने उपलब्ध आहे. पण त्या ६६ जणांची त्याआधीची वर्षे, म्हणजे कोण कोणत्या गावचा, दलात केव्हा आणि कशामुळे आला, त्याच्यामागे घर कसे चालले, ही त्या कथेत कुठेच येत नाहीत. मरणाचे दोन तास आपण जपले आणि जगण्याची पंधरा-वीस वर्षे सोडून दिली.

‘बलिदान’ या शब्दाचा आपल्याकडे जरा सैल हाताने वापर होतो, असे माझे मत आहे. तो एकदा उच्चारला की पुढचे प्रश्न विचारणे अप्रशस्त वाटू लागते. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात कोणी भरू दिला, ते धक्क्याला कोणी लावू दिले, निर्णयाचा अधिकार नेमका कोणाचा होता, हे विचारल्याने त्या ६६ जणांचे शौर्य तसूभरही उणे होत नाही. उलट, हे न विचारणे हाच त्यांच्यावरचा अन्याय आहे.

अग्निशामक दलांकडे मात्र स्मरणाची आणखी एक रीत आहे. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजारात २३ जानेवारी १९५८ रोजी तळघरातील शीतगृहांना आग लागली. त्या भूलभुलैयात श्वसनसंच लावून उतरलेल्या जवानांपैकी दोघे परत आले नाहीत. बाहेर येण्याची वाट सापडण्याआधीच त्यांचा प्राणवायू संपला. आत कोण आहे, केव्हा गेला आणि किती वेळ टिकेल, याचा हिशेब बाहेर नीट ठेवला जात नव्हता. या मृत्यूनंतर त्या देशात टॅलीची पद्धत सर्व दलांत पक्की झाली आणि पुढे जगभर पसरली. प्रत्येक श्वसनसंचाला एक छोटी पट्टी, म्हणजे टॅली, अडकवलेली असते. धुरात शिरण्यापूर्वी जवान तिच्यावर आपले नाव, सिलिंडरमधील दाब आणि वेळ लिहितो आणि दाराशी उभ्या असलेल्या नियंत्रकाच्या हाती देतो. नियंत्रक ती फलकावर खोचतो, हवा संपत आल्याची शिट्टी केव्हा वाजेल याचा हिशेब करून तो आकडा शेजारी मांडतो आणि घड्याळावर नजर ठेवतो. बाहेर आलेला जवान आपली टॅली स्वतःच्या हाताने परत घेतो. ठरल्या वेळी एखादी टॅली फलकावरच राहिली, तर कोणी हाक मारण्याची वाट न पाहता शोधपथक आत पाठवायचे असते. हे एवढे साधे काम करताना, आपण लंडनच्या दोन माणसांचे श्राद्ध घालत आहोत हे त्या जवानाच्या गावीही नसते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताचे उदाहरणही याच जातीचे आहे. २ डिसेंबर १९९८ रोजी लिंटन गावाजवळच्या वणव्यात वाऱ्याची दिशा अचानक फिरली आणि टँकरसह पाच स्वयंसेवक जळून गेले. त्यानंतर टाकीतील सगळे पाणी आगीवर न संपवता काही हिस्सा स्वतःच्या बचावासाठी राखून ठेवण्याचा दंडक कडक झाला. याच पाच जणांमुळे १९९९ पासून ४ मे हा आंतरराष्ट्रीय अग्निशामक दिन पाळला जाऊ लागला. ४ मे म्हणजे अग्निशामकांचा पाठीराखा मानल्या जाणाऱ्या संत फ्लोरियनचे फेस्त (सणाचा दिवस), हे इथल्या ख्रिस्ती श्रोत्यांना ठाऊक असेल.

तेव्हा दगडावर कोरलेले नाव आणि कवायतीत मुरलेला नियम, अशा दोन रूपांत हे मृत्यू शिल्लक राहतात. नावातून कारण गळते आणि नियमातून माणूस गळतो. काळबादेवीची आग तर परवाची म्हणावी इतकी जवळची आहे. ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास ही जुनी लाकडी इमारत पेटली आणि जळता जळता कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी तिथेच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्याच महिन्यात रुग्णालयात मरण पावले. दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता, ही एक गोष्ट त्या माणसांच्या नोकरीच्या रीतीविषयी कितीतरी सांगते. तरीही आज त्यांची चार नावे सलग सांगणारा माणूस दलाबाहेर क्वचितच भेटेल.

आता आपल्या घरचे. गोव्यातील जवानाचे वर्ष मोठ्या आगींचे नसते. पावसाळ्यात रस्त्यावर आडवे झालेले माड आणि वीजतारांवर पडलेल्या फांद्या, विहिरीत पडलेले जनावर, कधी माणूस. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागा आणि सड्यावरचे वाळलेले गवत. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतील रंगाचा कारखाना पेटला. त्याच वर्षी मार्चमध्ये म्हादईच्या अभयारण्यात वणवे लागले, तेव्हा हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतताना सर्वांनी पाहिली. डोंगर चढून गेलेल्या माणसांची छायाचित्रे त्या मानाने फार थोडी आहेत. आग विझल्यावर बघे पांगतात, पण जवानाचे काम संपलेले नसते. केंद्रावर परतल्यावर चिखलाने जड झालेले होज पसरून धुवायचे, कुठे चीर गेली आहे का ते पाहायचे, उंचावर टांगून वाळवायचे आणि कोरडे होज बंबावर चढवून पुढच्या वर्दीला तयार राहायचे. भिजका होज तसाच गुंडाळला तर कुजतो आणि ऐन वेळी फुटतो, म्हणून हे काम उद्यावर टाकता येत नाही. शौर्याच्या भाषणात होज धुण्याला जागा नसते. त्या नोकरीतले कितीतरी तास मात्र तिथेच जातात.

माझी सूचना अगदी छोटी आहे. आपल्या प्रत्येक तालुक्यात दलातून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांना ‘सर्वांत भयंकर आग कोणती?’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे ते भरतीचे वर्ष, पहिले केंद्र, त्या वेळचे बंब, रात्रपाळीतले जेवण, चतुर्थीला सुट्टी मिळत असे की नाही, सोबत काम केलेले कोण गेले आणि कशाने गेले. धुराने झिजलेली फुप्फुसे घेऊन निवृत्तीनंतर घरी वारलेला माणूस कोणत्याही स्मारकावर नसतो; त्याचे नाव या टिपणांत यायला हवे. मयताच्या घरच्यांशी बोलताना मात्र त्यांची परवानगी घ्यावी आणि जे सांगायचे नसेल ते सांगू नये ही मुभा त्यांना द्यावी. मराठीत, कोकणीत, ज्या भाषेत ते बोलतील त्या भाषेत उतरवून घ्यावे, आणि ऐकीव काय, स्वतः पाहिलेले काय, हे प्रत्येक पानावर वेगळे नोंदवावे. या वाचनालयात स्थानिक इतिहासाचे एक कपाट आहे. पुढच्या एप्रिलपर्यंत त्यातला एक कप्पा या टिपणांसाठी लागेल. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी जाताना ग्रंथपालांकडे आपले नाव आणि तालुका लिहून द्यावा.