‘ड्रॅगन क्वेस्ट’: नवख्या खेळाडूसाठी घडलेली मालिका

२७ मे १९८६ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा व्हिडिओ गेम, या मालिकेचा पहिला भाग, विक्रीस आला. संकल्पना आणि संवाद युजी होरी यांचे, प्रोग्रॅमिंग कोइची नाकामुरा यांच्या चुनसॉफ्ट कंपनीचे, चित्रे ‘ड्रॅगन बॉल’ या चित्रकथेचे कर्ते अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे आणि प्रकाशन एनिक्स कंपनीचे होते.

एनिक्सने १९८२ मध्ये घेतलेल्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेतून होरी आणि नाकामुरा पुढे आले होते. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतील ॲपल संगणकांच्या प्रदर्शनात त्यांना ‘विझर्ड्री’ हा अमेरिकी खेळ पाहायला मिळाला. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे खेळ अप्रतिम होते; पण ते संगणक बाळगणाऱ्यांसाठी होते, आणि जाड माहितीपुस्तिका वाचून, चौकटीच्या कागदावर भुयारांचे नकाशे काढून खेळण्याची चिकाटी ते मागत. दिशेची कळ आणि मोजकी बटणे एवढेच हाती असलेल्या शाळकरी मुलालाही हा आनंद मिळावा, हा होरी यांचा ध्यास होता.

त्याचा पुरावा पहिल्या खेळाच्या पहिल्याच खोलीत सापडतो. राजा नायकाला मोहीम सोपवतो, पण दरबाराचे दार बंद असते. बाहेर पडायचे तर बोलावे लागते, पेटी उघडून किल्ली घ्यावी लागते, दार उघडावे लागते आणि जिना उतरावा लागतो. एवढे करेपर्यंत खेळाडू फिरण्याबोलण्याच्या बहुतेक आज्ञा शिकून गेलेला असतो आणि आपल्याला कोणी शिकवले हे त्याच्या लक्षातही येत नाही. खेळरचनेच्या इतिहासात इतकी विचारपूर्वक मांडलेली खोली क्वचितच सापडेल.

हे सारे ६४ किलोबाइटांत बसवायचे होते. जागा वाचवण्यासाठी काताकाना या जपानी लिपीतील मोजकीच अक्षरे ठेवली गेली आणि राक्षसांची व गावांची नावे त्याच अक्षरांतून घडवली गेली. खेळ साठवण्याची सोय नसल्याने २० अक्षरांचा परवलीचा मंत्र वहीत उतरवून घ्यावा लागे. जानेवारी १९८७ मधील दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला, आणि एक अक्षर चुकले तरी तासन्‌तासांची मेहनत वाया जाई. तिसऱ्या भागाच्या कार्ट्रिजमध्ये खेळ साठवून ठेवण्यासाठी बॅटरी आली, तेव्हा कुठे खेळाडूंची या जाचातून सुटका झाली.

तो तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी, बाजारात आला. पहिल्याच दिवशी १० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि शाळा बुडवून रांगेत उभी राहिलेली सुमारे ३०० मुले पोलिसांच्या हाती लागली. यानंतर या मालिकेचे खेळ सुटीच्याच दिवशी विकावेत असा कायदा जपानी संसदेने केल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. ती खरी नाही. मात्र नंतरचे भाग बहुतेक सुटीच्याच दिवशी येऊ लागले.

१९९२ चा पाचवा भाग हा आमच्या मते मालिकेचा कळस आहे. त्यात नायक वडिलांचे बोट धरून फिरणारा लहान मुलगा म्हणून भेटतो, डोळ्यांदेखत वडिलांना गमावतो, कित्येक वर्षे गुलामगिरीत काढतो, मोठा होऊन लग्न करतो, आणि ज्या दैवी वीराच्या शोधात त्याने आयुष्य घालवले तो वीर त्याचाच मुलगा निघतो. जोडीदार कोण असावी, याचा निर्णय खेळाडूवर सोपवलेला आहे, आणि त्या निवडीवरून जपानी चाहते आजही हिरिरीने वाद घालतात.

अमेरिकेत ही मालिका १९८९ मध्ये ‘ड्रॅगन वॉरियर’ नावाने पोहोचली. निन्टेंडोने आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना तो खेळ मोफत वाटला, तरी जपानसारखी लाट तिथे उसळली नाही. २००३ मध्ये स्क्वेअर कंपनीचे एनिक्समध्ये विलीनीकरण झाले. २००४ चा आठवा भाग त्रिमितीय जगात आला, तर २०१२ चा दहावा भाग ऑनलाइन झाला.

२३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचे संचलन सुरू झाले, ते सुगियामा यांनी या मालिकेसाठी रचलेल्या सुरावटीवर. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला सुगियामा यांचे निधन झाले. १ मार्च २०२४ रोजी तोरियामाही गेले. या मालिकेतला ‘स्लाइम’ नावाचा हसरा निळा राक्षस तोरियामांचा आहे: होरी यांनी चिखलाचा ढिगारा रेखाटून दिला होता, त्याला थेंबाचा आकार आणि चेहरा तोरियामांनी दिला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसरा भाग नव्या रूपात आला, तेव्हा त्यात लढाईत खेळाडूच्या बाजूचे कोणीच मरत नाही अशी सोपी पातळीही ठेवलेली होती. बाराव्या भागाची घोषणा २७ मे २०२१ रोजी, म्हणजे पहिल्या खेळाला ३५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, खुद्द होरी यांनी केली, आणि आज्ञा निवडून लढण्याची जुनी पद्धत त्यात बदलणार असल्याचेही तेव्हाच सांगितले.