तुळईला पत्ता नसतो

नमस्कार. सिमला ऑफिसच्या चौकातून आपण नेहमी जातो. 1928 साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुणेकरांनी नाव काही सोडलं नाही. सुरुवात तिथून करते, कारण हे खातं 1875 चं. हिमालयातल्या तापमानाच्या सलग नोंदी बघायला गेलं तर साधारण दीडशे वर्षांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही, आणि त्याही शिमला, श्रीनगर, लेह अशा मोजक्या ठिकाणच्या. त्याआधीचा उन्हाळा कसा होता हे विचारायचं तर डोंगरावरच्या झाडांना, त्यांच्या खोडात दरवर्षी पडणाऱ्या वलयांना. आजचा विषय तोच आहे, पण आधी आमच्या तुळईबद्दल सांगू द्या.

ज्यांचे वाडे पाडले गेले त्यांनी जरा हात वर करा. बघा, निम्मं सभागृह. आमचा सदाशिव पेठेतला. माजघरातल्या तुळईला पाळण्याची लोखंडी कडी होती. माझे वडील त्या पाळण्यात झोपले, मी झोपले. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा मी ठेकेदाराला एकच गोष्ट मागितली. त्या तुळईच्या टोकाची दोन इंचांची चकती. तो म्हणाला, "ताई, उद्या या, काढून ठेवतो." दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर सगळं लाकूड रात्रीच ट्रकमधून गेलेलं. अंगणात नुसती माती आणि कौलांचे तुकडे.

तीन दिवस भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये वखारी हिंडले. चौथ्या दिवशी एका ढिगाऱ्यात ती कडी दिसली. तुळई चिरून तिच्या दाराच्या चौकटी करून झाल्या होत्या. कडीचा तेवढा तुकडा उरला होता, कारण लोखंडाला करवत लावायची नाही म्हणून कामगारानं तो बाजूला टाकला होता. मी घरी आणला, टोक रंध्यानं साफ केलं, पॉलिश पेपर बारीक बारीक करत घासला आणि भिंग लावलं.

काय सुंदर दिसतं ते! उन्हाळ्यात सागाची पानं गळतात आणि वाढ थांबते. पुन्हा पालवी फुटली की पहिल्यांदा मोठमोठ्या छिद्रांची ओळ तयार होते, आणि पुढे छिद्रं लहान होत जातात. अशी एक ओळ म्हणजे एक वलय, म्हणजे एक वर्ष. 87 मोजली. एका जागी ओळीनं पाच वलयं इतकी अरुंद, की सुईचं टोक ठेवायला जागा नाही. पाच वाईट वर्षं.

पण कुठली पाच? इथे मी अडले, आणि अजून अडलेलीच आहे. तुळई चौकोनी करताना सुतारानं साल आणि बाहेरचा पांढरा भाग तासून टाकलेला, म्हणजे शेवटचं वर्ष गेलं. आणि झाड कुठलं? कोकणातलं, दांडेलीचं, की ब्रह्मदेशातून आलेलं? घरात कुणाला ठाऊक नाही. एकट्या तुकड्यावरून काही ठरवता येत नाही. एकाच जंगलातल्या वीस-पंचवीस झाडांच्या अरुंद-रुंद वलयांचा क्रम एकमेकांशी जुळवावा लागतो. अँड्र्यू डग्लस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं ही रीत बसवली. तो निघाला होता सूर्यावरच्या डागांच्या शोधात, आणि पोचला झाडांपाशी! पुण्यात हे काम करणारी मंडळी पाषाणला आहेत, उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत. साग आणि हिमालयातले देवदार, दोन्हींवर तिथे काम झालं आहे. पण तुळईला पत्ता नसेल तर ती जुळवायची कुणाशी? पेठांमधून रोज कितीतरी तुळया अशा जातात आणि कुणी एक चकतीसुद्धा ठेवत नाही, याचा मला खरोखर त्रास होतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. ठीक आहे, आता हिमालय.

पत्ता का हवा ते तिथे कळतं. ज्या गोष्टीची टंचाई असते तिच्यापाशी झाडाची वाढ अडते. जिथे जंगल संपतं त्या उंचीवर टंचाई उबेची. तिथे सहसा उन्हाळा उबदार असेल तर वलय रुंद, थंड असेल तर अरुंद. पण पश्चिम हिमालयात खालच्या कोरड्या उतारावरच्या देवदाराचं उलट. मार्च ते मे कडक तापलं की जमिनीतली ओल उडते, आणि वलय अरुंद होतं. एकाच डोंगरावर तेच अरुंद वलय वर म्हणतं थंडी, खाली म्हणतं ऊन. नुसती जाडी मोजून तापमान सांगणाऱ्यावर म्हणून विश्वास ठेवू नका. झाड कुठल्या उतारावर, किती उंचीवर होतं, हे आधी विचारा.

पुढचं भराभर सांगते. झाड तोडत नाहीत, पोकळ गिरमिटानं पेन्सिलीपेक्षाही बारीक कांडी काढतात. कोवळ्या वयातली वलयं मुळातच रुंद असतात, तो वयाचा भाग गणितानं काढून टाकतात. मग तापमापकाच्या नोंदींचे दोन भाग करायचे. एका भागावर वलयं आणि तापमानाचं नातं बसवायचं, दुसऱ्यावर ताडून बघायचं. तिथे उतरलं तरच मागच्या शतकांत जायचं. लाकडाची घनताही क्ष-किरणांनी मोजतात. थंड प्रदेशांत उन्हाळ्याचं तापमान ती जाडीपेक्षा चांगलं सांगते. 1815 च्या तांबोरा ज्वालामुखीनंतर 1816 चा उन्हाळा युरोप-अमेरिकेत गारठला, तो तिथल्या लाकडात सापडतो. एक अडचण मात्र लपवायला नको. उत्तर ध्रुवाकडच्या काही जंगलांत साधारण 1960 नंतर तापमान चढलं, पण वलयांनी पूर्वीसारखी साथ दिली नाही. तिथे जुनं नातं आंधळेपणानं मागे नेता येत नाही.

वेळ संपली. तुळईचा तुकडा आणि भिंग इथे टेबलावर ठेवते. कडीच्या डाव्या बाजूला बघा, ती पाच वलयं तिथे आहेत. आणि कुणाचा वाडा पाडायचा ठरला असेल, तर ट्रक यायच्या आधी मला फोन करा.