धुऱ्यातला दगड शोधताना

मंडळी, हद्दीचा दगड शोधायला वावरात उतरलं की माणसं आधी सब्बल मागतात. सब्बल राहू द्या, टिपण काढा, म्हणजे जुन्या मोजणीची मापं लिहिलेला वावराचा कच्चा नकाशा. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम या वऱ्हाडच्या पट्ट्यात जुनी मोजणी मुंबई पद्धतीनं, शंकू (काटकोन काढायचं साधन) आणि साखळीनं झाली. वावराचे त्रिकोण नि समलंब चौकोन पाडले, बाजू मोजल्या, आकडे टिपणावर मांडले. वर्धा नदी ओलांडून नागपूरकडच्या जुन्या मालगुजारी मुलखात गेलात की हे गणित बदलतं. तिथं 66 फुटी, 100 कड्यांची साखळी आणि मैलाला 16 इंचांचा नकाशा. म्हणून आधी गाव नदीच्या कोणत्या बाजूचं ते बघा.

वऱ्हाडातली साखळी 33 फुटांची, तिचे भाग म्हणजे आणे 16. साखळीभर लांब नि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथं. टिपणावर 12-4 लिहिलं असेल तर ते 12 साखळ्या 4 आणे, म्हणजे सव्वाबारा साखळ्या, 123.22 मीटर. कोणी कॅल्क्युलेटरवर 12.4 मारलं की उत्तर येतं 124.72. दीड मीटर पुढं गेलात! तिथं दिवसभर खोदा, दगड लागत नाही. मग संशय जातो शेजाऱ्यावर.

गावनकाशावर पट्टी ठेवून अंतर काढू नका. इंचाला 20 साखळ्या असं प्रमाण असेल, तर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेखाली जमिनीवरचे चार मीटर झाकले जातात. नकाशा दिशेपुरता, अंतर टिपणाचं.

मोजायला सुरुवात कुठून? शिवधुऱ्यावर, म्हणजे गावाच्या हद्दीवरच्या बांधावर, तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड जागेवर असेल तर उत्तम. जुन्या कागदात नोंद असलेली बांधीव विहीरही चालते. नाला नको, तो पात्र बदलतो. आजचा धुरा तर नकोच; वखराच्या पाळीगणिक तो सरकत आलेला असतो. दोन पक्क्या दगडांवरून टिपणातलं अंतर टेपवर धरून दोन कमानी मारा, त्या छेदतील ती जागा. तिसऱ्या दगडावरून पडताळा. तिसरी कमान हातभर चुकली तर आधाराच्या तिघांपैकी एखादा हललेला असू शकतो. चौथा धरल्याशिवाय कोणता ते कळत नाही. उतारावर टेप जमिनीवर लोळवू नका, आडवा ताणा. शंभर मीटरमागं दहा मीटर उतार असेल तर लोळवलेला टेप अर्ध्या मीटरनं फसवतो.

आता खोदा. वेळ उन्हाळ्याची, पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झाल्यावर. खड्डा करू नका. मिळालेल्या जागेवर फावड्याच्या रुंदीचे दोन चर एकमेकांना काटकोनात काढा, दोन फूट खोल. एवढं खोल का? ट्रॅक्टरचा नांगर दगडाचं डोकं तोडतो किंवा उलथतो, पण वाहीच्या थराखालचं बूड पुष्कळदा शाबूत राहतं. त्यातून आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि दगड कलतो. दोन फुटी दगड 30 अंश कलला की त्याचं डोकं फूटभर सरकतं. म्हणून मोजायचं ते बुडापासून.

वावरातला गोटा पडेल तसा आडवा असतो. मोजणीचा दगड लांबट, उभा रोवलेला, भोवती चिपा किंवा मुरूम ठासलेला. भारी काळ्या मातीत मुरमाचा एकटाच कप्पा लागला तर तो कोणीतरी आणून भरलेला. दगड उपटून गोठ्याच्या पायात गेला असला तरी हा कप्पा मागं राहू शकतो, म्हणून कुदळ घालण्याआधी मातीचा रंग बघत चला.

ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) किंवा रोव्हर (उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र) आहे म्हणून हे सारं टळत नाही. यंत्र सेंटिमीटरात बोलतं खरं, पण 12.4 दिलंत तर तेही तुम्हाला दीड मीटर पुढंच उभं करील.

दगड लागला की उपटून वर काढून दाखवू नका. बाहेर आला की तो पुरावा राहत नाही. तसाच ठेवून फोटो घ्या, अंतरं लिहा, लगतदारांसमोर पंचनामा करा. नसलाच तर नवा दगड आपल्या हातानं रोवायचा नाही; हद्द कायम मोजणीचा अर्ज उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडं. मात्र लागलेली खूण सांभाळायचं काम 1966 च्या महसूल संहितेनं जमीनधारकावरच टाकलं आहे.

आणि शेंदूर लागलेला दगड दिसला तर हात लावू नका, पण मोजा नक्की. पूजेच्या सोयीनं तो कधी कडुनिंबाच्या सावलीत आणून बसवलेला असतो, आणि खरं बूड चार पावलांवर मातीखाली असतं.