पऱ्हाटीतलं तेल

अध्यक्ष महाराज, आणि जेवण टाकून आलेल्या परभणीकर मंडळींनो,

पत्रिकेत विषय छापलाय 'बुरशीचे तेल'. ते वाचून सकाळी एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, गुडघ्याला चालतं का?" चालत नाही. बाकी काय चालतं, ते शेवटी सांगतो.

आधी पऱ्हाटीचं बोलू. माझ्या आजीच्या चुलीत पऱ्हाटी आणि तुराट्याच असायच्या. कापूस वेचून झाला की पऱ्हाटीच्या मोळ्या घरामागं रचून ठेवत. शेजारणीनं त्यातली एखादी नेली तर भांडण व्हायचं. आता सिलिंडर आला, आणि तीच पऱ्हाटी फुकट दिली तरी कोणी नेत नाही. रानात ठेवावी तर तिच्यात गुलाबी बोंडअळी मुक्कामाला राहते. मग चिमट्यानं उपटायची, बांधावर ढीग करायचा आणि काडी लावायची. जानेवारीत संध्याकाळी कुठल्याही रस्त्यानं जा, डोळे चुरचुरतात. मला मात्र त्या धुरात तेल जळताना दिसतं. घरचे म्हणतात, डॉक्टरला दाखवा.

तर पऱ्हाटीची साखर करायची, ती बुरशीला खाऊ घालायची आणि तिच्याकडून तेल करून घ्यायचं, असा प्रयोग मी कॉलेजात सुरू केला. म्युकर नावाची बुरशी आहे, शिळ्या भाकरीवर कापसासारखी येते त्याच कुळातली. पऱ्हाटीचा भुगा केला, सौम्य आम्लात शिजवला, गाळला, धुतला, पाचक रस घालून त्याची साखर केली. बारा चंबू भरले, त्यात बुरशी सोडली. चंबू हलवणारं यंत्र, शेकर, चालतं तोवर बुरशी सुखात, पण आपल्याकडं लाईट. ती गेली की मी हातानं चंबू हलवत बसायचो. पोरं म्हणायची, सर ताक करतायत. पाचव्या दिवशी आत साबुदाण्याएवढे पांढरे गोळे झाले. एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एकेका धाग्यात तेलाचे थेंब, ओवलेल्या मण्यांसारखे! मोजमाप सोमवारी करू म्हणून घरी गेलो.

सोमवारी बाराही चंबू लख्ख. आमचे प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "सर, तुमच्या बाटल्यांना बुरशी लागली होती. घासून ठेवल्या." आणि वर, "लई चिकट होतं सर, तेलकट. दोनदा साबण लावावा लागला." म्हणजे माझ्या प्रयोगाचा एकमेव साक्षीदार मामा! निष्कर्षसुद्धा त्यांनीच सांगितला.

पुढं एका कार्यालयाला प्रस्ताव पाठवला. तिथून तो 'पीक रोग' विभागाकडं गेला, कारण त्यात बुरशी हा शब्द होता. आठ महिन्यांनी उत्तर आलं: शिफारस केलेले बुरशीनाशक फवारावे. ते पत्र मी फ्रेम करून लावलंय. खोटं वाटत असेल तर चहाला या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मुद्द्यावर येतो.

बुरशीला गूळ ढीगभर आणि डाळ चिमूटभर दिली, म्हणजे कार्बन भरपूर आणि नायट्रोजन तोकडा, तर तिची वाढ थांबते. प्रथिनं करायला नायट्रोजनच नाही, मग उरलेल्या साखरेची ती चरबी करून ठेवते. वाळलेल्या वजनाच्या 20 टक्क्यांवर तेल साठवणारीला तेलकट जात म्हणतात. पऱ्हाटीत नायट्रोजन मुळातच कमी, म्हणून ती या कामाला सोयीची.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतो ना आपण? पहिल्या महायुद्धात चरबीची टंचाई झाली, तेव्हा जर्मनीनंच बुरशीपासून चरबी करायचा प्रयत्न केला होता. त्या अर्थानं यंदा पाळी आपली. इंग्लंडमध्ये 1985 ते 1990 म्युकरचं तेल बाजारात होतं. वनस्पतींपासून तसलंच तेल स्वस्त मिळू लागलं आणि कारखाना थांबला. मॉर्टिएरेला अल्पिना या बुरशीचं तेल मात्र आजही बाळांच्या दुधाच्या डब्यात जातं.

दुसरी चिठ्ठी. हिशेब सांगतो. 100 किलो साखरेतून कागदावर 32 किलोच्या आसपास तेल निघतं, हातात 20 पडलं तरी पेढे वाटावेत. टनभर पऱ्हाटीतून 500 किलो साखर सुटली असं धरा, म्हणजे तेल 100 किलो. सुटली तर! पऱ्हाटीचं लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारा पदार्थ, चिवट. जास्त शिजवली तर साखरेचंच फरफ्युरल नावाचं विष तयार होतं आणि बुरशीच मरते, कमी शिजवली तर साखर निघत नाही. पाचक रस महाग. म्हणून या तेलाचं डिझेल करणं आज परवडत नाही, मी खोटं बोलणार नाही. महाग विकलं जाणारं तेल काढा, उरलेलं लिग्निन बॉयलरला जाळा, तर काही जुळेल. भजी तळता येतील का? एवढ्यात नाही.

तिसरी चिठ्ठी कोरीच आहे, म्हणजे समजून घ्यायचं. एकच मागणं. पुढच्या खेपेला प्रयोगाला पऱ्हाटी हवी आहे, कोणी मोळी आणून द्या. कोरडी आणा. आपोआप लागलेली बुरशी मला नको.