‘ओल्ड नंबर वन’ : एका बेंटलीची ओळखपरेड

मंडळी, जुन्या गाडीचा सौदा ठरताना पहिला प्रश्न ठरलेला, ‘ओरिजिनल आहे ना?’ विकणारा ‘शंभर टक्के’ म्हणतो आणि बोलणं भावावर येतं. १९९० साली याच प्रश्नावर इंग्लंडच्या हायकोर्टात खटला उभा राहिला. सौदा होता एक कोटी पौंडांचा.

गाडी बेंटलीची स्पीड सिक्स. सहा सिलिंडर, साडेसहा लिटरचं इंजिन. १९२९ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिच्यावर १ हा आकडा होता, त्यावरून ‘ओल्ड नंबर वन’. वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ती जिंकवली, आणि पाठोपाठचे तीन नंबरही बेंटलीनेच नेले. १९३० मध्ये बार्नाटोने ग्लेन किडस्टनला जोडीला घेऊन याच गाडीवर पुन्हा बाजी मारली. बार्नाटो म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींचा वारस, आणि बेंटली कंपनीचा चेअरमनही तोच. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली. ही गाडी मात्र धावत राहिली.

१९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसलं. त्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सला पाचशे मैलांची शर्यत होती. ब्रुकलँड्सचा ट्रॅक काँक्रीटचा, वळणावर भिंतीसारखा वर चढत गेलेला. क्लाइव्ह डन्फीच्या हातातली गाडी त्या चढाच्या माथ्यावरून पलीकडे गेली. डन्फी जागीच गेला. त्याचा भाऊ जॅक याच गाडीवर त्याचा जोडीदार होता.

त्यानंतर बार्नाटोने ती पुन्हा उभी केली, पण बंद टपाची कूपे म्हणून. पुढे आणखी मालक झाले, आणि शेवटी एका मालकाने तिला पुन्हा ल माँच्या काळातलं उघडं रूप दिलं. १९९० मध्ये एका कंपनीने त्याच्याकडून ती घ्यायचं कबूल केलं आणि मग हात झटकले. म्हणणं काय, तर ही ती गाडीच नव्हे. मालक कोर्टात गेला.

न्यायमूर्ती ऑटन यांनी अक्षरशः नटबोल्टांपर्यंत जाऊन पुरावा पाहिला. १९२९ मध्ये ल माँला धावलेल्या गाडीतलं काय उरलंय? काही किरकोळ फिटिंग्ज, त्यांचंही वय सांगता येत नाही. १९३० च्या गाडीतलं? पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं वरचं कवच आणि स्टीअरिंग कॉलम. बस्स. आठ लिटरचं इंजिन आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आली ती १९३२ च्या अवताराबरोबर.

म्हणजे मालक हरला? नाही, जिंकला. न्यायमूर्ती म्हणाले, ही मूळची गाडी नाही. पण नक्कलही नाही. ही अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च आहे. कारण सुटे भाग एकेक करून, शर्यतींच्या धावपळीत, सलग बदलत गेले. गाडी कुठेही थांबून नव्याने जन्माला आली नाही. आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी बेंटली जगात नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. टाकलेल्या भागांतून कोणी दुसरी गाडी जोडली असती, तर न्यायमूर्तींची खरी पंचाईत झाली असती. विंटेजच्या बाजारात असे जुळे निघतातही, एकाच चासी नंबरचे दोन दावेदार.

तेव्हा रंगाची चकाकी बघून भुलू नका. कोणत्या साली गाडी कोणाकडे होती, काय बदललं, का बदललं, याची साखळी मागा. मधली दहा-पंधरा वर्षं ‘गोडाऊनमध्ये पडून होती’ असं ऐकलं की जरा खोदून विचारा. इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकावर आहे का, तेही बघा. आपल्याकडे डिझेल स्वस्त होतं त्या दिवसांत कित्येक देखण्या परदेशी गाड्यांच्या बॉनेटखाली डिझेलची इंजिनं गेली, हे इथल्या जुन्या मेकॅनिकांना चांगलं ठाऊक आहे.

आणि गंमत बघा. २०२१ च्या आपल्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. इंग्लंडच्या कोर्टाने अस्सल ठरवलेली ती एक कोटी पौंडांची बेंटली आपल्या आरटीओसमोर आणली, तर माझ्या मते तिला तो नंबर मिळायचा नाही.