डावा बैल कोणता?

नमस्कार मंडळी.

मी गणिताचा मास्तर. अमळनेर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये 28 वर्षं शिकवतोय. लहानपणी आजोबांनी ओट्यावर बसवून पावकी, निमकी, पाऊणकी आणि औटकीसुद्धा पाठ करून घेतली होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हल्लीच्या पोरांना तो शब्दही ठाऊक नसतो. मला मात्र आजही झोपेतून उठवा, दोन औटे सात, तीन औटे साडेदहा, अशी गाडी सुरू होते ती थांबत नाही. आणि याच डोक्यातून मागच्या महिन्यात स्वतःच बनवलेला आठ अक्षरांचा एक पासवर्ड असा गेला, की जणू कधी आलाच नव्हता.

झालं असं, की शाळेची काही माहिती एका संकेतस्थळावर भरायची होती. शेवटची तारीख, रात्रीचे साडेनऊ. मी पासवर्ड टाकला, चूक. पहिलं अक्षर मोठं करून टाकला, चूक. शेवटी उद्गारचिन्ह लावलं, चूक. आता आणखी एकदा चुकलो असतो तर 24 तास दार बंद. म्हणून मुकाट्याने 'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीचा सूर मला नेहमी शाळेतल्या आमच्या कडक सरांसारखा वाटतो. विसरलात? परत?

संकेतस्थळ म्हणालं, तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, 10 मिनिटांत टाका. मी मोबाइल बघतोय, काहीच येईना. मग लख्ख प्रकाश पडला. नोंदवलेला नंबर जुना! ते सिमकार्ड मी दोन वर्षांपूर्वी आमच्या आप्पाला देऊन टाकलं होतं, कारण त्याच्या कार्डाला शेतात रेंज मिळत नव्हती. आप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ. गावी असतो, शेती बघतो. त्या आठवड्यात शेतातल्या लाईटची पाळी रात्रीची होती, म्हणून साहेब गव्हाला पाणी भरत होते.

फोन लावला. मोटारीच्या आवाजात आप्पाने उचलला. आमच्या घरात आम्ही अहिराणीच बोलतो, तर ते तसंच सांगतो.

"आप्पा, तुन्हा मोबाईलवर सहा आकडा उनात का?"

"उनात. पन मी सांगाव नही."

"काबर?"

"रेडिओवर रोज सांगतस, ओटीपी कोनलेच देवानं नही."

"आरे, मी तुन्हा भाऊ शे!"

"आवाज ते तसाच वाटस. पन आते लोके आवाजबी खोटा काढतस."

घड्याळात सात मिनिटं उरलेली. मी विनवण्या केल्या, रागावलो, आईची शपथ घातली. आप्पा ढिम्म. मग म्हणाला, बरं, एक सांग, आपला डावा बैलनं नाव काय व्हतं?

आता बघा. हा बैल आमच्या घरात होता तेव्हा मी चौथीत होतो. पण क्षणाचा विलंब न लावता मी म्हणालो, डावा मान्या, उजवा हिऱ्या. मान्याचं एक शिंग जरा खाली वळलेलं होतं, तो पोळ्याच्या दिवशी बेगड लावू द्यायचा नाही, हेही सांगून टाकलं. तिकडे आप्पा हसायला लागला. मान्याच्या आणखी दोन आठवणी त्याने काढल्या, एक मी काढली, आणि तोवर ओटीपीची 10 मिनिटं संपली.

हसू नका. आप्पाचं काहीच चुकलं नव्हतं. बँका, सरकार, रेडिओ, सगळे जे सांगतात तेच त्याने केलं. उलट त्याने जो प्रश्न विचारला तो संकेतस्थळांच्या प्रश्नांपेक्षा सरस होता. ती काय विचारतात? तुमच्या पहिल्या शाळेचं नाव. ते तर गावातल्या कुठल्याही पोराला माहीत! आणि उत्तर इंग्रजी अक्षरांत लिहायचं. इथे आपल्या मराठी माणसाची खरी पंचाईत होते. मी एका ठिकाणी आवडत्या नदीचं नाव 'बोरी' दिलं होतं. आमच्या अमळनेरातून वाहणारी बोरी. पण ते लिहिताना शेवटी आय लावला होता, वाय लावला होता, की दोन ई? उत्तर पाठ आहे, स्पेलिंग पाठ नाही. 'व'साठी व्ही की डब्ल्यू, 'ज्ञ'साठी डीएन की जीवाय, यात आपले किती पासवर्ड वाहून गेले असतील, देव जाणे.

त्या रात्री मला राग आला तो एका गोष्टीचा. मी म्हटलं, या लोकांकडे माझा पासवर्ड आहेच ना, मग सरळ मेल करून सांगत का नाहीत? दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या मॅडमनी समजावलं, ते ऐकून मी गारच झालो. नीट चालवलेल्या संकेतस्थळाला तुमचा पासवर्ड माहीतच नसतो. ते तुमचा पासवर्ड दळून ठेवतात. मला लगेच आपला कळणा आठवला. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी, उडीद आणि वरून खडेमीठ घालून आपण गिरणीत दळून आणतो. एकदा दळलं की त्या पिठातून ज्वारीचा दाणा परत मिळेल का? नाही. तसंच हे. तुम्ही पासवर्ड टाकला की यंत्र तो पुन्हा दळतं आणि आधीच्या पिठाशी ताडून बघतं. पीठ जुळलं तर दार उघडतं. आणि गंमत ऐका, यातही मीठ असतं! खरंच, त्यांच्या भाषेतही त्याला मीठच म्हणतात. प्रत्येक खात्यासाठी दळण्याआधी वेगळं मीठ मिसळतात, म्हणजे दोघांचा पासवर्ड योगायोगाने एकच असला तरी पीठ वेगळं दिसतं, चोराला काही कळत नाही. म्हणून विसरलेला पासवर्ड सांगता येत नाही, नवाच करावा लागतो. आणि एखाद्या ठिकाणाहून तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा मेलवर आला तर समजा, त्यांनी धान्य पोत्यातच ठेवलंय. तिथे तरी दुसरीकडचा पासवर्ड वापरू नका.

आता डोक्याचं. पन्नाशी ओलांडली की आपण लगेच वयावर ढकलतो. थोडं वयाचं असेलही, नाकारत नाही, परवा चष्मा डोळ्यांवर असताना मी चष्मा शोधत होतो. पण पासवर्ड बदलला की जुना पुसला जात नाही, तो नव्याच्या आडवा येतो. जानेवारीत फळ्यावर तारीख लिहिताना मी संक्रांतीपर्यंत मागचंच साल लिहितो, वर्ग हसतो. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला म्हणणं म्हणजे वर्षातून चार वेळा एक जानेवारी आणणं.

आणि हा नियम आला कुठून? एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, ठरावीक दिवसांनी बदल, हा सगळा थाट 2003 साली अमेरिकेतल्या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या एका पुस्तिकेमुळे जगभर पसरला. ती लिहिणारे बिल बर. निवृत्तीनंतर 2017 साली त्यांनी स्वतःच कबूल केलं, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने नियम फिरवले. सारखा बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी महत्त्वाची. आपल्याकडे ही बातमी अजून पोहोचायची आहे, असं मला दर 90 दिवसांनी वाटतं.

लांबीचं मात्र मी गणित करून पाहिलं, मास्तरच ना. कळफलकावरची अक्षरं, आकडे, चिन्हं मिळून 94 होतात. त्यातली आठ घेतली तर शक्यता होतात 94 चा आठवा घात, म्हणजे 16 अंकी संख्या. आणि नुसती लहान 26 अक्षरं, पण सोळा घेतली तर? 26 चा सोळावा घात, 23 अंकी! अर्थात अक्षरं डोळे मिटून निवडली तर. पण एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीने लिहिले तरी चोराची दमछाक होते, आणि आपल्या डोक्यात त्यांचं चित्र उभं राहतं. आठ अक्षरांच्या त्या खिचडीचं चित्र कधी उभं राहिलंय?

जाता जाता एटीएमचं सांगतो. 1967 साली लंडनमध्ये पहिलं नोटा देणारं यंत्र बसवणारे जॉन शेफर्ड-बॅरन, त्यांचा जन्म आपल्या शिलाँगचा, बरं का. त्यांना सहा आकडी पिन हवा होता. स्वयंपाकघरात बायकोला विचारलं, ती म्हणाली, मला चारच लक्षात राहतील. म्हणून चार, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. घरात विचारून नियम करणारा हा एकच माणूस मला सापडला.

मी आता काय करतो? शंभर पानी वही घेतली. बँकेचे पिन त्यात नाहीत, बाकीचे सगळे आहेत. मुलगी ओरडली, बाबा, असं कोणी लिहून ठेवतं का! मी म्हटलं, बाई गं, खातं फोडणारा चोर कुठे तरी हजार कोस लांब बसलेला असतो, तो अमळनेरला येऊन माझं कपाट थोडीच उघडणार आहे? तिने मला पासवर्ड सांभाळणारं ॲपही दाखवलं. त्यात एकच मोठा पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकीचे ते ठेवतं. चांगलं आहे. तो एक मोठा पासवर्ड मी वहीत लिहून ठेवलाय.

जुना नंबरही सगळीकडून बदलून घेतला. एक जागा राहिलीय, तिथे नंबर बदलायला जुन्या नंबरवरचा ओटीपी लागतो.

तर आप्पा, तू आत्ता बांधावर रेडिओ लावून बसला असशील. मान्याचं नाव आता सगळ्या खान्देशाला कळलंय, तो प्रश्न बाद. नवा शोधून ठेव, आणि फोनवर सांगू नकोस. मी रविवारी गावी येतोय.

नमस्कार.