पाणी नसलेला व्हाळ

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हांला एका व्हाळातून, म्हणजे ओढ्याच्या पात्रातून, फिरवून आणते. दोन्ही बाजूंना उंच काठ, खाली पाण्याने घासलेले गोटे, वळणावळणाचं पात्र. सगळं काही जागच्या जागी आहे, फक्त पाणी नाही. वर्षाचे बहुतेक सगळे दिवस ते नसतंच. हा व्हाळ आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला किंवा सांग्यातला नव्हे. तो आहे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, डेथ व्हॅली नावाच्या वाळवंटात. गोल्डन कॅन्यन असं त्या घळीचं नाव.

मुलगी तिकडे नोकरीला आहे, म्हणून माझं जाणं झालं. डिचोली भागात मुलांना भूगोल शिकवण्यात हयात गेलेली मी बाई. लेकीला वाटलं, आईला मोठमोठे मॉल दाखवण्यापेक्षा हे दाखवावं. शहाणी आहे पोरगी. ‘सोपी वाट आहे गं आई, तुला जमेल,’ असं म्हणत तिने मला गाडीत घातलं.

वाट सोपी आहेच. गाडी लावायची जागाच मुळी समुद्रसपाटीच्या खाली. तिथून घळीच्या तोंडातून आत शिरायचं. पायाखाली खडी, वाळू, मधूनच वाळून टणक झालेली चिकणमाती. चढ इतका सावकाश, की डोळ्यांना कळत नाही, पोटऱ्यांना कळतो. दीडेक किलोमीटरवर फाटा फुटतो. सरळ गेलं की रेड कॅथीड्रल नावाच्या तांबड्या कड्याचा पायथा. उजवीकडे वळलं तर पिवळ्या टेकड्यांच्या अंगावरून, मॅनली बीकन या सुळक्याच्या बगलेतून झब्रिस्की पॉइंटकडे जाता येतं, पण ती वाट दमवते. कड्यापर्यंत जाऊन माघारी यायचं तर एकूण पाचेक किलोमीटर. सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाला हे काहीच नाही.

म्हणूनच लोक तिथे भरभर चालतात, कड्यापाशी फोटो काढतात आणि तासाभराने गाडीत बसतात. मला विचाराल तर त्या वाटेवरची सगळ्यांत मोठी चूक हीच. पाहण्यासारखं जे आहे ते कड्याशी नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींत आहे.

आत शिरल्यावर सुरुवातीलाच एक भिंत दिसते, गोटे आणि खडी चिकणमातीत घट्ट बसवल्यासारखी. जुन्या काळी डोंगरातून पुरांनी वाहून आणलेला तो गाळ. पुढे सरकावं तर पिवळट मातीचे थर सुरू होतात, आणि ते आडवे नाहीत, चांगले तिरके उभे आहेत. सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी इथे तळं होतं. त्याच्या तळाशी गाळ बसला, वर ज्वालामुखीची राख पडली, पुन्हा गाळ बसला. मग जमीन भेगाळली. एका बाजूचे डोंगर उचलले गेले, दुसऱ्या बाजूची दरी खचत गेली, आणि या ओढाताणीत तळ्याचा तळ कलला. ती दरी आजही खचते आहे. तिचा सर्वांत खोल भाग, बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे.

एका ठिकाणी मी भिंतीला नाक लावून उभी राहिले. ओहोटीला मिरामारच्या वाळूवर बारीक बारीक वळ्या उठतात ना, अगदी तशाच वळ्या त्या खडकावर होत्या, पण उभ्या भिंतीवर. उथळ पाणी वाऱ्याने हललं, खालच्या चिखलावर त्याची खूण उमटली, चिखलाचा दगड झाला आणि तो दगड उभा राहिला. मी बोट फिरवून पाहिलं. वळीची एक बाजू उताराची, दुसरी जरा ताठ. वर्गात फळ्यावर खडूने किती वेळा काढून दाखवलं असेल मी हे, पण बोटाला लागतं ते वेगळंच. लेक पुढे जाऊन हाका मारत होती. मारू दे म्हटलं.

आता रंगांचं सांगते. तोंडाशी राखी, मग पिवळा, सोनेरी, कुठे मधासारखा, मध्येच हिरवट झाक, आणि शेवटी तो तांबडा कडा. हे पाहून बाकीचे लोक हरखतात. आपण गोंयकार मात्र तांबड्याला हरखत नाही. आपली घरं तांबड्या चिऱ्यांची, कुंपणं तांबडी, पावसाळ्यात व्हाळसुद्धा तांबडे. पण गंमत अशी, की दोन्हीकडचा रंगारी एकच आहे: लोखंड. हवा लागून पुरतं गंजलं की तांबडं, त्या गंजात पाण्याचा अंश राहिला की पिवळं. चिऱ्याच्या खाणीतून नुकताच काढलेला चिरा हातात घेऊन पाहा. भोकांच्या कडेला तांबडं-तपकिरी आणि भोकांच्या आत पिवळी माती. गोल्डन कॅन्यनचे दोन्ही मुख्य रंग त्या एका चिऱ्यात सापडतील. हिरवट छटा मात्र आपल्या चिऱ्यात नाही. ती ज्वालामुखीच्या राखेचं रूप बदलून येते. त्याच डोंगररांगेत थोडं दक्षिणेला आर्टिस्ट्स पॅलेट नावाची जागा आहे, तिथे हिरव्याबरोबर जांभळटही दिसतो. तो मँगनीजचा. मँगनीज म्हटल्यावर आमच्या रिवणच्या बाजूच्या लोकांना जुन्या खाणी आठवतील.

रंगारी एक, पण कारागिरी उलट. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे पाणी लाखो वर्षं खडकात मुरत राहिलं, त्यातली सिलिका धुऊन नेली, आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. तो आपला जांभा, ज्याचे चिरे काढतात. डेथ व्हॅलीत वर्षाचा पाऊस सरासरी पन्नास-पंचावन्न मिलिमीटर. आपल्या श्रावणात एखाद्या दुपारी तेवढा पडून जातो आणि आपण छत्री झटकून आत येतो. तिथे मात्र झाड नाही, मुळं नाहीत, माती धरून ठेवणारं काही नाही. आपला सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, पाणी पितो आणि पुढे महिनोन् महिने झरीतून थोडं थोडं सोडतो. तिथली चिकणमाती वरच्यावर भिजून बंद होते, आणि पडलेला थेंब न् थेंब उताराला लागतो. सगळ्या टेकड्यांचं पाणी एकाच वेळी या अरुंद घळीत उतरतं.

याचा पुरावा वाटेवरच आहे. तुम्ही चालता तिथे एके काळी डांबरी रस्ता होता, लोक गाडीत बसून घळ पाहायचे. १९७६ च्या फेब्रुवारीत चार दिवस पाऊस लागला. सगळा मिळून ५८ मिलिमीटरच्या आसपास. त्या पाण्याने रस्ता उखडून टाकला. तो पुन्हा बांधला नाही, हे फार बरं झालं. काठाशी अजून डांबराचे जाड तुकडे दिसतात, खाली खडी वाहून गेलेली आणि वर डांबराची कड अधांतरी. आणि आता अलीकडचं. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी नावाच्या वादळाच्या शेपटाने एका दिवसात वर्षभराचा पाऊस पाडला. अख्खं राष्ट्रीय उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिलं. बॅडवॉटरच्या मिठागरात पाणी साठून तळं झालं, पुढच्या फेब्रुवारीत आणखी पाऊस आला, आणि लोकांनी तिथे चक्क होड्या वल्हवल्या. तेव्हा ऊन स्वच्छ असलं तरी दूर डोंगरावर ढग दिसला, तर त्या घळीत शिरायचं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्याखाली जाणाऱ्यांना पोलीस हेच सांगून दमतात.

या टेकड्यांत आणखी एक माल निघाला, जो तुमच्या घरी येऊन गेलेला आहे. टाकणखार! सोनार झाळ लावताना वापरतो तो. कॅरमच्या पाटावर भुरभुरवतात ती बोरिक पावडरही त्याच्याच कुळातली. पूर्वी आपल्याकडे टाकणखार तिबेटातून डोंगर ओलांडून यायचा. डेथ व्हॅलीत १८८३ ते १८८८ या काळात हार्मनी नावाचा कारखाना तो शुद्ध करत असे, आणि वीस जनावरांच्या गाड्या, म्हणजे अठरा खेचरं आणि दोन घोडे, तो माल २६५ किलोमीटरवरच्या मोहावी रेल्वे स्टेशनापर्यंत ओढत नेत. एका खेपेला दहा दिवस. झब्रिस्की पॉइंट हे नावसुद्धा एका टाकणखार कंपनीच्या अधिकाऱ्याचं. बाहेरून आलेल्यांनी तिथे ठेवलेल्या नावांत मृत्यू आणि कंपनी फार. मूळचे रहिवासी टिंबिशा शोशोनी लोक मात्र या दरीला घर मानतात, आणि आजही तिथे राहतात. त्यांच्या परंपरेत इथल्या तांबड्या मातीला मान आहे, अंगाला लावायचा रंग म्हणून.

आता उन्हाचं. जगातलं सर्वांत जास्त नोंदलेलं तापमान इथलंच, १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश सेल्सिअस. आपल्याला वाटतं, आपण गोव्याचे, उकाड्याला काय घाबरायचं? पण आपला उकाडा दमट असतो. घाम वाळत नाही, निथळतो, त्यामुळे तो कळतो आणि माणूस आपोआप सावलीला बसतो. तिथली हवा इतकी कोरडी, की घाम फुटतो आणि फुटताक्षणीच उडतो. अंग कोरडं, म्हणून माणूस समजतो की आपलं ठीक चाललंय. माझ्या काळ्या कुडत्यावर पाठीला पांढरे नकाशे उमटले तेव्हा लेकीने दाखवलं. ते मीठ होतं. तहान लागायची वाट न बघता घोट घोट घेत राहायचं, माणशी दिवसाला चार लिटर पाणी जवळ ठेवायचं, आणि नुसतं पाणी नाही, मीठही पोटात जायला हवं. घळीच्या तोंडाशी पिण्याचं पाणी मिळत नाही. २०२३ च्या जुलैत याच वाटेच्या तोंडाशी एक पदयात्री कोसळला आणि दगावला. त्या दिवशी पारा ४९ अंशांवर गेला होता, आणि घळीच्या तापलेल्या भिंतींमध्ये त्याहून जास्तच असणार. सोपी वाट ही अशी. अंतर सोपं असतं, ऊन नसतं. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात चालू नका, असं तिथले वनरक्षक बजावून सांगतात.

शेवटचा टप्पा थोडा गमतीचा आहे. भिंती जवळ येतात, एक-दोन जागी मोठ्या दगडांखालून वाकून जावं लागतं, हात टेकून चढावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर तिथे थांबलात तरी चालेल, मागे वळून पाहिलं की पिवळ्या टेकड्यांच्या फटीतून दरीचं पांढरं मीठ दिसतं. तांबडा खडा खिशात टाकायचा मोह होईल. टाकू नका, तो तिथे गुन्हा आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. आपली मुलं आईवडिलांना मे महिन्यात बोलावतात, कारण इथे सुट्टी असते आणि उकाड्यातून सुटका, असा हिशोब. डेथ व्हॅली पाहायची तर तो हिशोब मोडा. नोव्हेंबर ते मार्च जा. इथे चवथ, दिवाळी उरकली की निघा. लास व्हेगासहून गाडीने दोन-सव्वादोन तास. घळीचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून दुपारचं कलतं ऊन भिंतींवर चांगलं पडतं. पण डिसेंबरात साडेचारलाच सूर्य जातो, त्यामुळे दोनच्या सुमाराला चालायला लागावं. सोबत कोकमाचं सरबत असू द्या, मीठ जरा जास्त घालून. तिकडच्या भारतीय दुकानांत कोकम मिळतं. भाव ऐकून घाम फुटेल, पण घ्या.

नमस्कार.